मुलींच्या शाळेत स्वावलंबन, चारित्र्य, सेवा: शनिवारच्या दीड तासात नेमकं काय करावं?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यातली तालुक्याच्या गावची मुलींची शाळा, पाचवी ते दहावी. पट ३१०, त्यातल्या ६० मुली शाळेच्याच वसतिगृहात. बाकीच्या वाड्यावस्त्यांवरून सायकलीनं, नाहीतर मानव विकासच्या निळ्या बसनं येतात. शाळा उघडायच्या आत वर्षाचं नियोजन करायचंय. शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा दीड तास 'स्वावलंबन, चारित्र्य, सेवा' यासाठी राखून ठेवायचं ठरलंय.

हे तीन शब्द शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहेतच. ते भिंतीवरून खाली कसे उतरवायचे, एवढंच विचारायचंय. परिपाठातला सुविचार आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला मैदानाची सफाई, यावर थांबायचं नाही. मुलींच्या हाती काय द्यावं, किती द्यावं, कुठं फसतं, का फसतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी मोकळेपणानं लिहावं. बारीकसारीक तपशील असला तर फारच चांगलं.

बिंदुसरा

आधी झाडूचा विषय मिटवू. आपल्याकडची आठवीतली पोरगी शाळेत यायच्या आधी पाणी भरून, भाकरी थापून, धाकट्याला आंघोळ घालून येते. तिच्या हाती शाळेनं पुन्हा झाडू द्यायचा आणि त्याला स्वावलंबन म्हणायचं, हे मला पटत नाही. काम तिला येतंच. तिला घरी मिळत नाही ते वेगळंच आहे: कपाटाची किल्ली, हातात रोख पैसा, पाना-पक्कड, सरकारी कचेरीचं दार, आणि 'तू ठरव' म्हणणारं माणूस.

कोणताही उपक्रम ठरवताना दोन प्रश्न विचारा. हे ती घरी करतेच का? आणि यातला निर्णय कुणाचा आहे? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'बाईंचा' असेल तर तो उपक्रम सोडून द्या.

दुसरं, 'चारित्र्य' या शब्दाची फोड पहिल्याच पालक सभेत करा. मुलींच्या बाबतीत हा शब्द निघाला की गावात त्याचा अर्थ मान खाली घालून चालणं, मोठ्यानं न हसणं, असाच घेतला जातो. शाळेनं सरळ सांगावं की इथं चारित्र्य म्हणजे हिशोब चोख ठेवणं, चूक झाली तर सांगणं, दिलेला शब्द पाळणं आणि मैत्रिणीवर अन्याय होत असेल तर तोंड उघडणं. हे सांगितलं नाही, तर उपक्रम शाळेचा राहील आणि अर्थ मात्र गावाचा.

शाळूची भाकर

बिंदुसराताई, चारित्र्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. झाडूचा निम्माच. झाडणं काढूनच टाकलं तर ते कुणाच्या तरी वाट्याला जाणारच, आणि आपल्या गावात ते कुणाच्या वाट्याला जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून वर्ग झाडायची पाळी राहू द्या, पण तीन अटींवर.

पाळी हजेरी क्रमांकानंच लावायची. बाईंनी 'तू जा गं, तू जा' असं बोट दाखवायचं नाही, कारण बोट दरवेळी त्याच घरांतल्या पोरींकडं वळतं. पाळीत शिक्षकांचीही नावं असावीत. आणि झाडणं ही कधीच शिक्षा नसावी. उशिरा आलेल्या मुलीला झाडायला लावलं की वर्षभराची मेहनत एका दिवसात वाया जाते. स्वच्छतागृहाची सफाई मुलींकडून करून घ्यायचीच नाही, त्यासाठी पगारी माणूस हवा. मुलींनी तिथं तपासणी करावी: नळाला पाणी आहे का, कडी लागते का, साबण आहे का, बादली फुटली आहे का. दर ४० मुलींमागे एक युनिट (एक शौचालय आणि तीन मुताऱ्या) हा सरकारच्या 'स्वच्छ विद्यालय' मोहिमेचा निकष आहे. म्हणजे ३१० पटाला आठ. मोजून बघा किती चालू आहेत, आणि ती मोजणी मुलींनाच करू द्या.

हिशोबनीस

किल्ली आणि रोख पैशाचा विषय निघालाच आहे, तर शालेय वस्तूंचं दुकान सुरू करा. सविस्तर लिहितो.

भांडवल दोन हजार रुपये पुरतं. वस्तू आठ-दहाच ठेवा: १०० आणि २०० पानी वह्या, निळं-काळं पेन, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, आलेख कागद, पॅडचं पाकीट. खाऊ अजिबात नको. उंदीर, मुंग्या आणि उधारी तिन्ही खाऊच्या मागोमाग येतात. नफा वहीमागे एक-दोन रुपये, पेनामागे पन्नास पैसे ते रुपया.

तीन मुली, तीन कामं. एक विक्री करेल, दुसरी रोजकीर्द लिहील, तिसरी साठा सांभाळेल. विक्री आणि लिखाण एकाच मुलीकडं कधीही देऊ नका. अविश्वास म्हणून नाही, तर चूक झाली तर ती दुसरीच्या डोळ्यांना दिसावी म्हणून. दर महिन्याला मुली बदला, पण तिघी एकदम बदलू नका. जुनीनं नवीला आठवडाभर सोबत घेऊन शिकवायचं.

रोजकीर्द डावीकडं जमा, उजवीकडं खर्च. समजा आरंभी शिल्लक ३४०, दिवसाची विक्री २१५, एकूण ५५५. पेनांचा डबा आणला १२०. अखेर शिल्लक ४३५. आता खरी गोम इथं आहे: पेटीतले पैसे आधी मोजायचे आणि मग वहीशी ताळा घ्यायचा. मुली उलटं करतात. वहीत ४३५ येतंय म्हणून ४३५ लिहून मोकळ्या होतात आणि पेटी मोजतच नाहीत. म्हणून नाणी-नोटांचा तपशील (शंभराच्या किती, पन्नासच्या किती, सुटे किती) रोज समासात लिहायला लावा. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. खोडरबर, व्हाइटनर चालणार नाही. चूक दिसायला हवी.

शनिवारी साठा मोजायचा. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा विक्री, म्हणजे असायला हवा तो साठा. शेल्फवर मोजून निघेल तो खरा साठा.

कुठं फसतं? पहिल्या महिन्यात वीस-तीस रुपये कमी भरणार, हे धरूनच चाला. सुट्ट्या पैशांची देवाणघेवाण चुकते, दुसरं काही नाही. अशा वेळी बाई स्वतःच्या पर्समधून भरून टाकतात, तेव्हा मुली शिकतात की चूक कुणीतरी निस्तरतं. नाहीतर दप्तरं तपासली जातात आणि ते त्याहून वाईट. संशय लगेच सगळ्यात गरीब पोरीवर जातो. यातलं काहीच करू नका. रोजकीर्दीत 'तूट' असं वेगळं खातं काढा, रक्कम लिहा, नाव लिहू नका, नफ्यातून ती भरा. महिन्याच्या विक्रीच्या दोन टक्क्यांवर तूट गेली तर दुकान आठवडाभर बंद ठेवून मुलींनीच बसून कारण शोधायचं.

उधारी नाही म्हणजे नाही. एखादीकडं वहीला पैसेच नसतील तर त्यासाठी मदतनिधी वेगळा, तो वर्गशिक्षकांकडं. तिचं नाव दुकानाच्या वहीत येता कामा नये.

गोदामाय

'तूट' खात्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे. हे मोठ्या संस्थांनीही करावं.

खडकपूर्णा

सायकली किती आहेत शाळेत? पोरी वाड्यावस्त्यांवरून येतात म्हणजे शंभर-दीडशे तरी असतील. मग पंक्चर काढणं हा पहिला धडा. रस्त्याकडंला वेडी बाभूळ असेल तिथं आठवड्याला एक काटा ठरलेला, आणि पंक्चर झालं की दिवसभराची शाळा बुडते.

साहित्य: हवेचा पंप, दोन टायर लिव्हर (नसले तर चमच्याचे दांडे, पण त्यानं ट्यूब फाटायची भीती), पॉलिश पेपर, सोल्युशनची नळी, पॅच, पाण्याची पाटी, खडू. तीनशे-चारशे रुपयांत दोन संच होतात.

व्हॉल्वची चकती सैल करा, हवा पूर्ण काढा. व्हॉल्वच्या समोरच्या बाजूनं लिव्हर घालून टायरची एकच कड बाहेर काढा, दोन्ही नको. ट्यूब ओढून थोडी हवा भरा, पाण्यात बुडवून फिरवा. बुडबुडे येतील तिथं खडूनं फुली मारा आणि दुसरं भोक नाही ना हे पूर्ण फेरी मारून बघा. ट्यूब पुसून कोरडी करा, पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा खरवडा. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. नव्वद टक्के पॅच इथंच सुटतात. ओल्यावरच चिकटवला की धरत नाही. बोट टेकवल्यावर चिकटेनासं झालं की, म्हणजे चार-पाच मिनिटांनी, पॅच दाबून बसवा आणि वरून काहीतरी कठीण घासा.

यानंतरची गोष्ट सगळेच विसरतात. ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, काटा तिथंच रुतलेला असतो. फडकं जिथं अडकेल तिथं काटा. तो काढला नाही तर शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर, आणि मग पोरीला वाटतं की आपल्याला जमत नाही. तिला जमलेलं असतं, काटा राहिलेला असतो.

सहावीच्या पुढच्या कोणत्याही मुलीला दोन शनिवारात हे येतं. तिसऱ्या शनिवारी ब्रेकचा रबर बदलणं आणि चेन चढवणं.

पाटीपेन्सिल

गावातल्या पंक्चरवाल्या मामांनाच पहिल्या शनिवारी शिकवायला बोलवा. त्यांचंही मन राहील. 😊

मांजराकाठ

थोडं वेगळं बोलतो. हे सगळं छान आहे, पण पालक मुलीला शाळेत पाठवतात ते दहावीचा निकाल बघून. आमच्या लातूरकडं तर पाचवीपासून स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, नवोदय. शनिवारचा दीड तास म्हणजे वर्षाला पन्नासेक तास. त्यात गणिताचं अख्खं पुस्तक उजळून निघतं. गरीब घरच्या मुलीला वर काढणारी शिडी म्हणजे तिचे गुण. पंक्चर नंतरही शिकता येतं.

हिशोबनीस

मांजराकाठ सर, निकालाची काळजी रास्त आहे, आणि पालकही हेच विचारणार. म्हणून दोन मर्यादा आधीच जाहीर करा. दहावीच्या मुली दिवाळीनंतर या सगळ्यातून मोकळ्या. आणि दीड तास म्हणजे दीडच तास, तयारीच्या नावाखाली इतर तासिका खाता येणार नाहीत. स्नेहसंमेलनात नेमकं हेच होतं. बाकी नफा-तोटा, शेकडेवारी, सरासरी दुकानाच्या वहीत रोजच आहे.

बिंदुसरा

सर, शिडीबद्दल दुमत नाही. पण गुण असूनही शिडी अर्ध्यावर काढून घेतली जाते, त्याचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) बघा. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर. आपल्याकडं मुलगी गुण कमी म्हणून घरी बसते असं कमीच, लग्न ठरलं म्हणूनच जास्त बसते. 'मला शिकायचंय' हे वाक्य बापासमोर, मामासमोर स्पष्ट म्हणता येणं हे कौशल्य आहे आणि ते सरावानंच येतं.

हंगामी

बिंदुसराताईंचा धागा पुढं नेतो. बीड, जालना, परभणी भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबं निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या मुली आई-बापाबरोबर जात नाहीत त्या आजीकडं, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. या सहा महिन्यांत शाळेनं डोळ्यांत तेल घालून बघायच्या खुणा अशा: सहामाही परीक्षेनंतर आठवी-नववीच्या मुलीची टीसी मागायला येणं, सलग आठ-दहा दिवस गैरहजेरी, अचानक नवे दागिने-मोबाइल, आणि तिच्या मैत्रिणींचं गप्प होणं.

शनिवारी मुलींना हे पाठ असायला हवं, मोबाइलमध्ये साठवलेलं नव्हे: १०९८ (चाइल्डलाइन), ११२ आणि भरवशाच्या एका मोठ्या माणसाचा नंबर. प्रत्येकीनं महिन्यातून एकदा हे तिन्ही कागदावर न बघता लिहून दाखवायचे.

कायदा थोडक्यात. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. वयाचा पहिला पुरावा शाळेकडंच असतो, जनरल रजिस्टरचा (प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा. तो मागितला की त्याच दिवशी मिळाला पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. मुलींना 'मैत्रिणीचं लग्न तुम्ही थांबवा' असं शिकवू नका. त्यांनी मांडवात जायचं नाही, घरच्यांशी वाद घालायचा नाही. त्यांनी फक्त कळवायचं. पुढचं काम मोठ्यांचं, आणि कळवणारीचं नाव कुणालाही कळता कामा नये.

दुधनाकाठ

हंगामीदादा, हे फार महत्त्वाचं. पण कळवायचं कुठं? तक्रारपेटी शाळेत आहे, पण वर्षानुवर्षं रिकामीच निघते.

शाळूची भाकर

पेटी कुठं टांगली आहे ते बघा. बहुतेक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर असते. तिथं चिठ्ठी टाकणारी पोरगी सगळ्या शाळेला दिसते, मग कोण टाकेल? स्वच्छतागृहाकडं जाणाऱ्या वाटेवर, वळणावर लावा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे शनिवारी प्रत्येक मुलीला सारख्या आकाराचा कोरा कागद द्यायचा. लिहायचं असेल तिनं लिहावं, नसेल तिनं कोराच घडी घालून टाकावा. सगळ्याच टाकतात, म्हणून कुणीच उठून दिसत नाही. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली मुख्याध्यापिकेकडं, दुसरी सखी सावित्री समितीतल्या (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची समिती) बाहेरच्या महिला सदस्याकडं. उघडताना दोघी हजर. वहीत तारीख, तक्रारीचा विषय, काय केलं ते. पुढच्या शनिवारी परिपाठात नाव न घेता सांगायचं: 'नळाची तक्रार आली होती, दुरुस्त झाला.' एखाद्या तक्रारीचं काही झालं हे दिसलं की पेटी भरायला लागते.

लैंगिक छळाची चिठ्ठी निघाली तर शाळेनं आपसात चौकशी, समज, मिटवामिटवी असलं काही करायचं नाही. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा.

निळी गोळी

मी आरोग्याच्या बाजूनं लिहिते. स्वावलंबन शरीरापासून सुरू होतं.

आठवड्याची लोहाची निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) शाळेत येतेच. पण मुली ती दप्तरात टाकतात आणि बाहेर फेकतात. कारण विचारलं तर 'मळमळतं'. मळमळतं, कारण शनिवारच्या सकाळच्या शाळेत उपाशीपोटी दिली जाते. पोषण आहारानंतर अर्ध्या तासानं द्या, आणि तासभर आधी-नंतर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून सोडतात. लिंबू पिळलेली भाजी किंवा पेरू सोबत असेल तर उत्तम. प्रत्येक वर्गात दोन 'आरोग्य मैत्रिणी' नेमा, त्या तक्त्यावर खूण करतील. हिमोग्लोबिन तपासलं की आकडा मुलीला सांगा, नुसता रजिस्टरमध्ये लिहू नका. बाराव्या वर्षापासून १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे थेट दवाखाना.

पाळीसाठीची पॅडची पेटी: कुलूप नको, नावाची नोंद नको. किती आहेत, किती उरले एवढाच आकडा. किल्ली एखाद्या सरांकडं असली की पेटी असून नसल्यासारखी. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, म्हणजे शाळेच्या वेळात एकदा तरी बदलावं लागणारच, तेव्हा झाकणाची बादली आणि जुनी वर्तमानपत्रं आत हवीत. आणि हे सगळं पाचवी-सहावीत, पहिली पाळी यायच्या आधी सांगा. आठवीत सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं.

जोंधळा

वसतिगृहाबद्दल कुणी बोललं नाही. ६० मुली आहेत ना, मग कोठीची किल्ली मुलींच्या समितीला द्या. स्वयंपाक नको, तो घरी करतातच (बिंदुसराताईंचा नियम). द्यायचं ते मोजमाप आणि ठरवणं. आठवड्याचा जेवणाचा तक्ता मुली ठरवतील, रोज सकाळी दोघी जणी स्वयंपाकीण मावशींसमोर पीठ-डाळ तोलून देतील. ज्वारीच्या किलोभर पिठात मध्यम नऊ-दहा भाकरी होतात. ६० जणींना अडीच भाकरी धरली तर १५० भाकरी, म्हणजे १५ ते १७ किलो पीठ. पोषण आहारात सहावी ते आठवीला डोई १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. ते कोठीच्या दारावर लावा.

फसतं ते भाजीत. भाजी जुडीनं घेतली की हिशोब जुळत नाही, जुडी उन्हाळ्यात लहान होते. वजनावरच घ्या. आणि महिन्याला एकदा पोत्यातलं धान्य रजिस्टरशी ताडून बघा.

गोदामाय

सेवेबद्दल माझं म्हणणं. सेवा म्हणजे ज्याची करायची त्याला आधी विचारणं. शाळा वृद्धांना फळं वाटते, फोटो काढते. म्हातारीला केळ्यापेक्षा श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे का अडकले हे कळायला हवं असतं.

म्हणून नववीच्या मुलींची 'कागद-मदत' जोडी करा. महिन्यातून एक शनिवार, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, दोन शिक्षिका सोबत. कामं: पासबुक वाचून दाखवणं, बँकेची पावती भरून देणं, हयातीचा दाखला कधी द्यायचा ते सांगणं, दवाखान्याची चिठ्ठी वाचणं, आधारवरच्या नावातली चूक ओळखणं. आधारवर 'सखुबाई' आणि पासबुकात 'सकुबाई', एवढ्यावरून पैसे थांबतात. मुली हे पटकन हेरतात.

कडक नियम: कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, पिन ऐकायचा नाही, पैसे मोजायला हातात घ्यायचे नाहीत, अंगठा आपण धरून उठवायचा नाही. बाहेर आल्यावर कुणाच्या घरचं काही बोलायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड, आणि चारित्र्य म्हणतात ते हेच.

यातून मुलींचाही फायदा. स्वतःचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर हे अर्ज दहावीनंतर वडिलांवर किंवा एजंटावर सोडायची गरज उरत नाही.

कापूसवेचणी

सेवेत श्रमदान हवं असेल तर शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घराघरांत शोषखड्डे करून गटारी आणि डास हटवले, त्याला 'नांदेड पॅटर्न' म्हणतात.

चार बाय चार बाय चार फूट खड्डा. मधोमध वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती खाली मोठे दगड आणि वर लहान. सांडपाणी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो, पाणी भोकांतून दगडांत झिरपतं. टाकी न ठेवता नुसते दगड भरले तर साबणाचा साका आणि खरकटं बसून वर्षभरात खड्डा तुंबतो.

आपल्याकडची अडचण काळी माती. ओली झाली की फुगते आणि पाणी पिऊ देत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आधी फूटभर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतं ते मुलींना मोजायला लावा, मग जागा ठरवा. हातपंप-विहिरीपासून १५ मीटर तरी लांब. आणि कमरेपेक्षा खोल खणायचं काम मोठ्या माणसांचं, कड ढासळते. मुलींनी आखणी, मोजमाप, दगडांचे थर आणि पुढं दर महिन्याला टाकीतला गाळ काढला जातो का याची तपासणी करावी.

पाटीपेन्सिल

जरा अवांतर. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुलींच्या शाळेनं काय करावं याचं माझ्यापुरतं उत्तर तेच: पोरीनं स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारावा आणि तो चार लोकांत वाचला जावा. आणि सेवा म्हणाल तर सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतानाच गेल्या. तेव्हा भित्तिपत्रक हवंच. सजावट कमी, प्रश्न जास्त.

मांजराकाठ

पाटीपेन्सिल, आपली गंगाखेडची जनाबाई विसरलात. दळता-कांडता देवाला जाब विचारणारी.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. कागद-मदत आणि दुकान ही दोन्ही अभ्यासाला मारक नाहीत. एक सूचना मात्र: एकाच वर्षात दहा गोष्टी सुरू करू नका. दिवाळीपर्यंत सगळ्या बंद पडतील.

खडकपूर्णा

+१. तीनच घ्या. आणि मैदान विसरू नका. मुलींच्या शाळेचा मोठा फायदा हाच की ढोल-ताशा, बाकं उचलणं, प्रयोगशाळेची मांडणी, मैदान आखणं सगळं मुलीच करतात. मिश्र शाळेत ही कामं आपोआप पोरांकडं जातात.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजराकाठ सरांचं ऐकून तीनच घेते. सहावी-सातवीला सायकल दुरुस्ती. आठवीला दुकान, भांडवल दोन हजार. नववीला कागद-मदत, महिन्यातून एकदा, उरलेल्या शनिवारी अर्ज भरायचा सराव. कोरे कागद आणि पेटी सगळ्या वर्गांना. पेटीची जागा आजच बदलते. निळी गोळी आहारानंतर. वसतिगृहाची कोठी दुसऱ्या सत्रात. पाचवीसाठी फक्त शरीराची ओळख आणि तीन नंबर पाठ. पालक सभेत 'चारित्र्य'चा अर्थ आधी सांगणार.

एकच शंका. दुकानाच्या कपाटाची किल्ली मुलीकडं दिली आणि तिनं ती घरी विसरली तर?

हिशोबनीस

तर त्या दिवशी दुकान बंद. फळ्यावर 'आज दुकान बंद, किल्ली घरी राहिली' असं तिनंच लिहायचं. दुसरी किल्ली ऑफिसात असते, पण ती फक्त आग-पाण्यासाठी, सीलबंद पाकिटात, पाकिटावर तिघींच्या सह्या. ते पाकीट पहिल्याच विसरण्यावर फोडू नका.

बिंदुसरा

आणि किल्लीला लाल कापडाची पट्टी बांधा. छोटी किल्ली दप्तराच्या तळाशी जाते आणि मग घरी राहिली असं वाटतं.